भूभौतिकीच्या एमएस्सीत नेमकं शिकवतात तरी काय?

चार लोखंडी खुंट्या, वायरची रिळं, बॅटरी, हातोडा आणि आकडे दाखवणारी एक पेटी. भूभौतिकीच्या म्हणजे जिओफिजिक्सच्या एमएस्सीला गेलेल्या मुलामुलींच्या हातात सुरुवातीलाच जी यंत्रं पडतात, त्यांतलं हे सगळ्यात साधं. चारही खुंट्या एका रेषेत ठोकायच्या, बाहेरच्या दोन खुंट्यांमधून जमिनीत वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन खुंट्यांमध्ये किती व्होल्टेज मिळतं ते मोजायचं. बाहेरच्या खुंट्या जितक्या लांब न्याव्या, तितका प्रवाह खोल उतरतो. म्हणून मधली जागा कायम ठेवून खुंट्या दर वेळी थोड्या लांब सरकवायच्या, पुन्हा ठोकायच्या, पुन्हा आकडा लिहायचा. उन्हातान्हात दुपारपर्यंत हे चाललं की वहीत वीसपंचवीस आकडे जमतात. त्यांचा आलेख काढायचा आणि खाली काय आहे ते सांगायचं.

इथवर सगळं सोपं आहे. अवघड भाग आलेख काढल्यानंतर सुरू होतो, आणि माझ्या मते पुढची दोन वर्षं (पीएचडी केली तर आणखी पाच) त्या अवघड भागातच जातात. तो कोणता, हे एका उदाहरणाने पाहू.

मराठवाड्यातलं किंवा नगर जिल्ह्यातलं एखादं शेत घ्या. वर माती, तिच्याखाली मुरूम आणि भेगाळलेला, झिजलेला खडक, आणि त्याच्याखाली काळा पाषाण. पाणी असलंच तर मधल्या थरात. कोरडा, अभंग पाषाण विजेला सहज वाट देत नाही. त्याची रोधकता शेकडो ओहम-मीटर, कधी हजारोंतही असते. पाणी धरलेल्या मधल्या थराची मात्र शंभराच्या बरीच आत असते. म्हणजे आलेख आधी खाली उतरतो आणि मग चढतो. आलेखातला हा खळगा दिसला की खाली वीजवाहक थर आहे, एवढं नक्की.

पण किती जाड? समजा, मधला थर १० मीटर जाड आहे आणि त्याची रोधकता २० ओहम-मीटर आहे. दुसऱ्या एका शेतात तो ५ मीटर जाड आणि १० ओहम-मीटरचा आहे. जाडीला रोधकतेने भागलं तर दोन्हीकडे ०.५ येतात. दोन पाषाणी किंवा कोरड्या थरांमध्ये असा पातळ वीजवाहक थर अडकलेला असला की वरून मोजलेला आलेख मुख्यतः या भागाकारावर अवलंबून असतो. जाडी वेगळी, रोधकता वेगळी, तरी दोन शेतांतले आलेख जवळजवळ सारखे. जो काही फरक असेल तो खुंटी नीट न ठोकल्याने येणाऱ्या चुकीत बुडून जातो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. १० मीटर भेगाळ खडक म्हणजे बऱ्यापैकी पाणी. ५ मीटरचा १० ओहम-मीटरवाला थर मात्र नुसती चिकणमातीही असू शकतो. ती पाणी धरून ठेवते, पण सोडत नाही. बोअर मारायची की नाही, हा हजारो रुपयांचा निर्णय या दोनांपैकी खरं काय यावर अवलंबून, आणि यंत्राचे आकडे दोन्हींना सारखाच होकार देतात. पाणाडी आणि भूभौतिकवाला यांच्यातला फरक इथे शोधावा. यंत्राचं उत्तर बरोबरच येतं असं काही नाही. पण ‘या आकड्यांत दोन उत्तरं बसतात, तिसरं बसत नाही’ हे हिशेब करून सांगता येतं. पाणाड्याला ते येत नाही आणि तो सांगतही नाही.

खाली काय आहे हे माहीत असेल तर वर किती आकडा येईल, हे भौतिकशास्त्राच्या नियमांनी काढता येतं. त्याला फॉरवर्ड मॉडेलिंग म्हणतात. ते गणित कितीही किचकट असलं तरी त्याचं उत्तर एकच असतं. वर हा आकडा आला, तर खाली काय असेल, हा उलटा प्रश्न. त्याला इन्व्हर्जन म्हणतात. याची उत्तरं अनेक असतात. दोन संख्यांची बेरीज १० आहे एवढंच सांगून त्या संख्या विचाराव्यात, तसंच. भूभौतिकीचा अख्खा अभ्यासक्रम या उलट्या प्रश्नाभोवती रचलेला आहे. पहिल्या सत्रात ते कोणी समजावून सांगत नाही, त्यामुळे मुलांना वाटतं की आपल्याला सुटे सुटे आणि एकमेकांशी संबंध नसलेले विषय शिकवताहेत.

वेळापत्रक पाहिलं तर तसं वाटणं साहजिकच आहे. रेषीय बीजगणित, आंशिक विकलक समीकरणं, फूरिये रूपांतर, संगणकावर प्रोग्रॅमिंग. शेजारी भूकंपशास्त्र, गुरुत्व, चुंबकत्व, विद्युत पद्धती. आणि त्यांच्या जोडीला खनिजं, खडक, स्तर, भ्रंश (जिच्या दोन बाजू एकमेकींवर सरकतात अशी खडकातली भेग), म्हणजे सरळसरळ भूगर्भशास्त्र. फिजिक्सची बीएस्सी करून आलेल्यांना शेवटच्या विषयाचा भारी कंटाळा येतो. नुसती पाठांतरं, असं त्यांचं म्हणणं. पण संगणकाने काढलेल्या पन्नास उत्तरांतली पंचेचाळीस केराच्या टोपलीत टाकायला हेच पाठांतर उपयोगी पडतं. दख्खनचा पठारी भाग साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांनी बनला. भाकऱ्यांची चवड असावी तसा. हे माहीत असलेला माणूस आडव्या थरांचं उत्तर आधी तपासेल. माहीत नसलेला माणूस संगणकाने दाखवलेल्या गोलमटोल लाल डागाला भूजलाचा साठा म्हणून मोकळा होईल.

त्या लाल डागाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आजकाल सर्वेक्षणाच्या अहवालांत जमिनीचे रंगीत छेद सर्रास दिसतात आणि लोक त्यांना एक्सरे समजतात. अनेक उत्तरांतून एक निवडायचं तर काहीतरी निकष लागतो. बहुतेक सॉफ्टवेअर म्हणतं: आकड्यांशी जुळणाऱ्या सगळ्या उत्तरांतलं सर्वांत गुळगुळीत उत्तर घे, म्हणजे ज्यात रोधकता एका जागेहून दुसऱ्या जागी हळूहळू बदलते ते. गणिताच्या सोयीसाठी हा निकष उत्तम. पण हा गुळगुळीतपणा जमिनीचा नाही, आपण वरून लादलेला आहे. बसाल्टच्या म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या दोन थरांमधली सीमा प्रत्यक्षात हातभरही जाड नसेल, चित्रात ती पाच मीटर पसरलेली दिसते. इन्व्हर्जनच्या पेपरात विद्यार्थ्याला हा निकष स्वतः बदलायला लावतात. एकाच डेटावरून तीन वेगळी चित्रं निघाली की रंगांवरचा आंधळा विश्वास आपोआप उडतो.

गुरुत्वाच्या पद्धतीत तर आधी मोजमापावरच विश्वास बसत नाही. पृथ्वीचं गुरुत्वीय त्वरण सुमारे ९,८०,००० मिलीगल (मिलीगल हे ते मोजायचं बारीक एकक). खालचा खडक जड की हलका यावरून त्यात जो फरक पडतो तो बहुधा एखाद्या मिलीगलचा, कधी त्याच्याही दशांशाचा. म्हणजे दहा लाखांत एक भाग. तो पकडणारं यंत्र म्हणजे मुळात एक अतिशय नाजूक स्प्रिंग आणि तिला लटकवलेलं वजन. स्प्रिंग दिवसभरात जराशी ढिली होते, म्हणून दर दोनेक तासांनी सुरुवातीच्या ठाण्यावर परत येऊन आकडा घ्यावा लागतो. चंद्रसूर्याच्या ओढीने समुद्राला जशी भरती येते तसाच त्या ओढीचा परिणाम यंत्राच्या आकड्यावरही होतो. तो वजा करायचा. आणि उंची! एक मीटर वर गेलात की गुरुत्व ०.३०८६ मिलीगलने कमी होतं. म्हणजे उंची मोजताना तीन सेंटिमीटर चुकलात तर ०.०१ मिलीगलचा घोळ झाला. म्हणून गुरुत्वाच्या सर्वेक्षणात खरा घाम गुरुत्व मोजताना गळत नाही, प्रत्येक ठाण्याची उंची नेमकी काढताना गळतो.

खरा संकेत आणि भोवतालचा गोंगाट वेगळा करणं, हा दुसरा मोठा धडा. खुंट्यांशेजारून महावितरणची लाइन गेली असेल तर तिची ५० हर्ट्झची गुणगुण सगळ्या मोजमापात मिसळते. फूरिये रूपांतराचं काम इथे: कुठलंही कंपन निरनिराळ्या वारंवारतेच्या लाटांत फोडायचं, नको ती वारंवारता काढून टाकायची आणि उरलेल्या लाटा पुन्हा जोडायच्या. काही गोंगाट मात्र गणिताने निघत नाही. तेव्हा उठून दुसरीकडे जावं लागतं, आणि याचं महाराष्ट्रातलं उदाहरण मला फार आवडतं.

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद इथे झाली. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचं कुलाब्याच्या कागदांवरून दिसतं. त्या वादळाविषयी जगात आज जे संशोधन होतं, त्यात हा आकडा हमखास येतो. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या प्रवाहाने चुंबकीय मोजमापाची वाट लागणार, हे उघड होतं. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय विभाग अलिबागला हलवला. अलिबागच्या नोंदी १९०४ मध्ये सुरू झाल्या. कुलाब्याच्या मात्र लगेच बंद केल्या नाहीत, १९०६ पर्यंत दोन्हीकडे मोजत राहिले. असं का? जागा बदलली की आकड्यांत फरक पडतो, आणि तो किती हे दोन्हीकडे एकाच वेळी मोजल्याशिवाय कळत नाही. त्या दोन वर्षांच्या दुहेरी मेहनतीमुळे १८४१ पासूनची साखळी सलग राहिली. विद्यार्थ्याला ‘डेटाची शिस्त’ शिकवायची तर यापेक्षा चांगला पाठ सापडायचा नाही. आज ही परंपरा नवी मुंबईजवळची, पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते आणि तिथे पीएचडीही करता येते.

आता भूकंप. भूकंपशास्त्र हा या शिक्षणातला सर्वांना माहीत असलेला भाग, म्हणून लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘भूकंपाचं भाकीत करता येतं का?’ अमुक दिवशी, अमुक जागी, अमुक मोठा भूकंप होईल असं सांगता येत नाही. हे सांगून टाकलं की खऱ्या कामाकडे वळता येतं.

भूकंप झाला की दोन प्रकारच्या लाटा निघतात. एक वेगवान, ती आधी पोचते; दुसरी संथ, मागून येते. कवचातल्या खडकात दोन्हींच्या पोचण्यात एका सेकंदाचं अंतर असेल तर भूकंप साधारण आठ किलोमीटरवर झाला, पाच सेकंदांचं असेल तर चाळीसेक किलोमीटरवर. तीन ठिकाणी यंत्रं असली की तीन वर्तुळं काढून जागा सापडते. एमएस्सीच्या प्रयोगवहीत हे कंपासने काढायला लावतात, पुढे हेच गणित संगणकावर पायथॉनमध्ये लिहायचं. गाव सापडतं, तालुका सापडतो, पण खोली मात्र हट्टी असते. सगळी यंत्रं जमिनीवर, एकाच बाजूला. भूकंप थोडा खोल धरला आणि थोडा आधी झाला असं मानलं तरी आकडे जुळतात. पुन्हा तोच उलटा प्रश्न.

कोयनेत ही खोलीची गोष्ट केवळ पुस्तकी राहत नाही. शिवाजीसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय भरायला लागल्यानंतर परिसरात धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसं गेली. त्यानंतर आजवर धक्के थांबलेले नाहीत. पाचपेक्षा जास्त तीव्रतेचेच वीसहून अधिक झाले, आणि ते बहुतांशी साधारण ३० बाय २० किलोमीटरच्या पट्ट्यात. धरणातल्या पाण्याच्या वजनाने जमीन दबते म्हणून भूकंप होतो, असं सर्वसाधारणपणे समजलं जातं. वजनाचा वाटा आहे, पण तो लहान. पाणी भेगांतून खोल झिरपतं, तिथला दाब वाढतो, आणि भ्रंशाच्या दोन बाजूंना एकमेकींवर घट्ट आवळून धरणारा जोर तेवढा कमी होतो. आधीच ताण साचलेला भ्रंश मग सरकतो. ताण निसर्गाचा, निमित्त पाण्याचं. तलाव भरल्यानंतर आणि पुढे पाणी उतरू लागल्यावर धक्क्यांचं प्रमाण बदलतं, हे दशकानुदशकांच्या नोंदींत दिसतं.

एका छोट्या पट्ट्यात, ठरावीक खोलीच्या आत, वर्षानुवर्षं भूकंप होत राहणं जगात दुर्मीळ आहे. म्हणून इथे खोल विंधन विवरं घेण्यात आली. कऱ्हाडजवळ त्यासाठी केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे इथे तीन किलोमीटर खोलीचं पथदर्शी विवर खोदलं गेलं. तिथे सुमारे सव्वा किलोमीटर बसाल्ट लागला आणि त्याखाली थेट प्राचीन ग्रॅनाइटी खडक. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या विवरात बसाल्ट ३३८ मीटरवरच संपला होता. बसाल्टची ही चादर कुठे किती जाड आणि तिच्याखाली कोणते भ्रंश दडलेत, हे वरून पाहणं महाकठीण. भूकंपलाटा तिच्यात वेगाने धावतात, प्रत्येक थराच्या सीमेवर विखुरतात आणि खालून परत येणारा आवाज क्षीण होतो. किल्लारीसारख्या जागेचा धोका १९९३ पर्यंत नीट ओळखला गेला नाही, यामागचं एक कारण ही चादर आहे. दख्खनमध्ये पीएचडीसाठी विषयांचा दुष्काळ नाही तो यामुळेच.

प्रवेशाचं म्हणाल तर मार्ग सरळ आहेत. बीएस्सीला भौतिकशास्त्र आणि गणित असणं जवळपास सगळीकडे लागतं. आयआयटी मुंबईत पवईला अप्लाइड जिओफिजिक्सची एमएस्सी आहे, तिथला प्रवेश जॅम परीक्षेतून. धनबाद, खरगपूर, रुरकी, बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबादचं उस्मानिया, विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ ही या विषयाची जुनी ठाणी. पात्रतेचे नियम आणि कोणता पेपर चालतो हे दर वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघावं. गेल्या वर्षीच्या सीनियरच्या भरवशावर राहू नये. पीएचडीसाठी गेट किंवा नेट या देशपातळीवरच्या परीक्षा. नेटची जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था या क्षेत्रातली देशातली सगळ्यात मोठी जागा. अमेरिकेत बीएस्सी किंवा एमएस्सीनंतर थेट पीएचडीला अर्ज करतात आणि विद्यापीठ बहुधा फी माफ करून वर पगार देतं. नुसत्या मास्टर्सला मात्र बऱ्याचदा खिशातून जातात, हे आधी लक्षात घ्यावं.

नोकऱ्या आहेत, पण त्यांना लाटा आहेत. ओएनजीसी ही सरकारी तेल कंपनी भूभौतिकतज्ज्ञ घेते, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ यूपीएससीच्या भू-वैज्ञानिक परीक्षेतून. खासगी तेलक्षेत्रातली भरती कच्च्या तेलाच्या भावाबरोबर वरखाली होते. भाव पडला त्या वर्षी पास होणाऱ्यांचं नशीब वाईट. मेट्रो, बोगदे, धरणं यांच्या पायाभरणीची कामं मात्र वाढत आहेत. आणि सिग्नल प्रोसेसिंग, इन्व्हर्जन शिकलेली बरीच मुलं बंगळूर-पुण्याला डेटा सायन्समध्ये जातात. त्याबद्दल प्राध्यापक नाकं मुरडतात, पण मला त्यात वावगं वाटत नाही. अपुऱ्या आकड्यांतून किती खात्रीने बोलायचं हे ज्याला कळतं, त्याला मागणी असणारच.

पीएचडी करायची ठरलीच असेल तर मार्गदर्शकाची कीर्ती, संस्थेचं नाव यांच्या आधी एक गोष्ट विचारून घ्या: डेटा कुठे आहे? भूभौतिकीत प्रबंध रखडतात ते बहुधा गणितामुळे नव्हे. यंत्र दुरुस्तीला गेलेलं असतं, सर्वेक्षणाची परवानगी पावसाळ्यापर्यंत लांबते, तेलक्षेत्राचा डेटा गोपनीय म्हणून मिळत नाही, भूकंपमापकाच्या जागेवरची बॅटरी चोरीला जाते. डेटा आधीच हातात असेल, किंवा जगभरच्या केंद्रांचा खुला डेटा वापरायचा असेल, तर पहिल्या वर्षापासून काम सुरू होतं. स्वतः गोळा करायचा असेल तर निदान दोन उन्हाळे बाजूला काढून ठेवा, आणि त्या प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना चहाला नेऊन विचारा की त्यांचा डेटा किती महिन्यांनी हातात आला.